चुकीचे व दुबार आलेले करकपातीचे दाखले

सन २०२५ च्या जून महिन्याच्या अखेरीस विश्रामबाग येथें राहणारे एक बागाईतदार कागदांची पिशवी घेऊन आमच्याकडे आले. त्यांची जमीन मिरज तालुक्यांत असून तींत द्राक्षबाग, ऊस व थोडी हळद असते. घरचा ट्रॅक्टर व ट्रॉल्या असल्यामुळें हंगामांत ते एका साखर कारखान्याचें ऊसतोडणीचें व वाहतुकीचें काम करारानें करतात. सन २०२४-२५ या वर्षीं या कामाचे त्यांचे एकंदर ४,००,००० रुपये झाले व शेंकडा एक प्रमाणें ४,००० रुपये कर कापून ३,९६,००० रुपये त्यांच्या बँकेच्या खात्यांत जमा झाले. येथवर सर्व सरळ होतें. परंतु पिशवींत करकपातीचे दाखले निघाले ते तीन. पहिला ऑक्टोबर ते डिसेंबर या तिमाहीचा, १,४०,००० रुपयांचा. तो कारखान्याच्या तोडणी-वाहतूक संस्थेनें दिलेला. दुसरा जानेवारी ते मार्च या तिमाहीचा, २,६०,००० रुपयांचा. तोहि त्याच संस्थेचा. तिसरा पुन्हां त्याच तिमाहीचा व तेवढ्याच रकमेचा, परंतु खुद्द कारखान्याच्या नांवें निघालेला. तिन्ही खरे मानले तर जमा ६,६०,००० रुपये व कर ६,६०० रुपये होतो.

या गृहस्थांस घरीं व चावडीवर तीन सल्ले मिळालेले होते. एकानें सांगितलें कीं, जास्त कर कापलेला दिसतो आहे, तर तेवढा परत मागून घ्यावा. आयता लाभ कशास सोडावा? दुसऱ्यानें सांगितलें कीं, तिसरा कागद फाडून टाकावा म्हणजे प्रश्न मिटला. तिसऱ्यानें सांगितलें कीं, सरकारी कागद आहे, तेव्हां ६,६०,००० रुपये दाखवून मोकळें व्हावें. नसता वाद नको. हे तिन्ही सल्ले चुकीचे आहेत. पहिल्यानें माणूस खोटा ठरतो, दुसऱ्यानें गाफील राहतो व तिसऱ्यानें न मिळालेल्या पैशाचा धनी होतो. असे कागद आमच्या पुष्कळ वाचकांच्या घरीं येत असतील, म्हणून हा विषय येथें सविस्तर मांडीत आहों.

शेतकऱ्यास या कागदांची ओळख कां नाहीं ?

याचें कारण जुनें आहे. हिंदुस्थानांत प्राप्तीवरील कर सन १८६० मध्यें प्रथम बसला, तेव्हां शेतीचें उत्पन्नहि त्यांत धरलेलें होतें. सन १८८६ च्या कायद्यानें तें वगळलें. पुढें सन १९२२ च्या, सन १९६१ च्या व आतां सन २०२५ च्या कायद्यांतहि ती सूट कायम राहिली. त्यामुळें प्राप्तिकर हा पेठेंतल्या लोकांचा विषय, अशी समजूत आपल्यांत पिढ्यान् पिढ्या रुजली. परंतु आजचें शेतकरी कुटुंब केवळ पिकावर चालत नाहीं. कोणी ट्रॅक्टर भाड्यानें लावतो, कोणी फवारणीचें काम घेतो, कोणी बेदाण्याच्या वा हळदीच्या व्यवहारांत दलाली करतो. ही प्राप्ति शेतीची नव्हे. ती स्वतंत्र धंद्याची आहे, आणि तिजवर पैसे देणारा कर कापून ठेवतो. पगारदारामागें त्याची कचेरी असते. स्वतःचा धंदा करणाऱ्यास आपले कागद आपणच पाहावे लागतात.

दाखला कोठून येतो ?

ज्यास फॉर्म १६-ए म्हणतात, तो पगाराखेरीज इतर रकमांवर कापलेल्या कराचा दाखला होय. कराराच्या कामांत एका वेळची रक्कम ३०,००० रुपयांहून अधिक, अथवा वर्षाची एकंदर १,००,००० रुपयांहून अधिक झाली, म्हणजे व्यक्तीच्या बाबतींत शेंकडा एक कर कापतात. कापणारा तो सरकारांत भरतो व दर तिमाहीस कोणाला किती दिले, किती कापले याचें पत्रक सादर करतो. या पत्रकावरूनच ट्रेसेस नांवाच्या सरकारी संकेतस्थळावर दाखला तयार होतो. १ एप्रिल २०१२ पासूनच्या कपातीस कचेरींत हातानें केलेला दाखला चालत नाहीं.

त्याच पत्रकावरून आणखी दोन ठिकाणीं नोंद उठते. एक २६-एएस, त्यांत आपल्या पॅन क्रमांकावर कोणीं किती कर भरला तें दिसतें. दुसरें वार्षिक माहिती विवरण, ज्यास एआयएस म्हणतात. तें नोव्हेंबर २०२१ पासून सुरू झालें व त्यांत व्याज, मोठ्या खरेदी-विक्री वगैरेंची माहितीहि येते. दाखला हें फळ आहे. मूळ तें तिमाही पत्रक. फळ तोडून फेकल्यानें मूळ सुधारत नाहीं. म्हणून कागद फाडण्याचा सल्ला व्यर्थ ठरतो. कागद गेला तरी नोंद आपल्या नांवावर उभीच राहते.

एक सूचना येथेंच देणें अवश्य आहे. १ एप्रिल २०२६ पासून सन २०२५ चा नवा कायदा अमलांत आणण्याचें ठरलें आहे व त्यांत कलमांचे आकडे बदलले आहेत. या लेखांत दिलेलीं फॉर्मांचीं नांवें सन १९६१ च्या कायद्याखालचीं, लोकांच्या तोंडीं असलेलीं आहेत. नांव बदललें तरी दाखला, मूळ पत्रक व आपल्या खात्यावरील नोंद यांचा संबंध तोच राहतो.

चुकांचे प्रकार

पहिला प्रकार दुबार नोंदीचा. यांत दोन भेद आहेत. कधीं पत्रकांत दुरुस्ती झाल्यामुळें त्याच तिमाहीचा नवा दाखला येतो व जुनाहि घरांत राहतो. अशा वेळीं दोहोंची बेरीज करूं नये; जो २६-एएसशीं जुळतो तोच खरा धरावा. कधीं मात्र नोंदच खरोखर दोनदां झालेली असते. वरील गृहस्थांच्या बाबतींत संस्था व कारखाना या दोघांनींहि एकाच बिलाची नोंद आपापल्या टॅन क्रमांकाखालीं केली होती. टॅन म्हणजे कर कापणाऱ्याचा क्रमांक. तो दाखल्यावर छापलेला असतो व दुबार नोंद ओळखण्यास प्रथम तोच पाहावा.

दुसरा प्रकार रकमेच्या वा सदराच्या चुकीचा. आंकडे उलटसुलट पडतात, अथवा उसाच्या दराचें बिल कराराच्या कामांत घातलें जातें. यांत नुकसान मोठें आहे. उसाची किंमत ही शेतीची प्राप्ति. ती धंद्याच्या सदरांत गेली म्हणजे करमुक्त पैसा करपात्र दिसूं लागतो.

तिसरा प्रकार पॅन क्रमांकाच्या चुकीचा. पॅनमध्यें दहा स्थानें असतात : पांच अक्षरें, चार आंकडे व शेवटीं एक अक्षर. चौथें अक्षर व्यक्तीस पी व एकत्र हिंदु कुटुंबास एच असतें. बापाच्या नांवचा सातबारा, मुलाच्या नांवचा ट्रॅक्टर व एकत्र कुटुंबाचें खातें असें असलें, म्हणजे एकाची रक्कम दुसऱ्याच्या नांवावर जाण्यास वेळ लागत नाहीं. चौथें अक्षर पाहण्याची संवय ठेविली तर ही चूक क्षणांत कळते. तसेंच कोणाजवळ चुकून दोन पॅन असतील, तर एक परत केला पाहिजे. दोन बाळगल्यास १०,००० रुपये दंडाची तरतूद सन १९६१ च्या कायद्यांत होती, आणि निष्काळजीपणानें निम्मा कर एका क्रमांकावर व निम्मा दुसऱ्यावर गेला तर हिशेब कधींच जुळत नाहीं.

चौथा प्रकार वर्षाच्या चुकीचा. मार्चमध्यें झालेल्या कामाचे पैसे एप्रिलांत मिळाले, म्हणजे आपली वही एक वर्ष सांगते व दाखला दुसरें. पांचवा प्रकार सर्वांत वाईट : कर कापला, परंतु सरकारांत भरलाच नाहीं. २६-एएसमध्यें प्रत्येक नोंदीपुढें एक अक्षर असतें. एफ असल्यास कर पोंचून नोंद पक्की झाली असें समजावें. यू असल्यास भरण्याचा मेळ लागलेला नाहीं.

प्रथम आपली वही

कोणाकडे तक्रार नेण्यापूर्वीं आपली बाजू कागदावर आणावी. एका को-या पानावर पांच रकाने आंखावे : बिलाची तारीख, बिलाची रक्कम, कापलेला कर, बँकेंत जमा झाल्याची तारीख व जमा रक्कम. वर्षभराचीं सर्व बिलें त्यांत उतरावीं. शेजारीं २६-एएसमधील नोंदी लिहाव्या. जी नोंद आपल्या पानावर नाहीं ती लाल शाईनें व जी त्यांत नाहीं पण आपल्या पानावर आहे ती निळ्या शाईनें खूण करावी. आमच्याकडे आलेल्या गृहस्थांचें हें काम पाऊण तासांत झालें, आणि इतके दिवस जें संकट वाटत होतें तें एका लाल ओळीवर येऊन थांबलें.

उचल घेतली असल्यास तिचीहि नोंद निराळी ठेवावी. उचल ही पुढें बिलांतून वळती होते. ती बिलाबरोबर पुन्हां जमेस धरली तर दुबार चूक आपणच केली असें होईल.

चूक ज्याची, दुरुस्ती त्याची

या लेखांतील मुख्य गोष्ट हीच आहे. पत्रक ज्यानें भरलें त्यालाच तें दुरुस्त करतां येतें. प्राप्तिकर कचेरीचा कारकून किंवा आपला सनदी लेखापाल तें बदलूं शकत नाहीं. म्हणून पहिलें पत्र पैसे देणाऱ्याच्या हिशेबखात्यास लिहावें, आणि तें लेखीच असावें. तोंडी सांगितलेलें हंगामाच्या गडबडींत विरून जातें. नमुना पुढीलप्रमाणें :

"मा. मुख्य लेखापाल यांस, स. न. वि. वि. सन २०२४-२५ या आर्थिक वर्षांतील जानेवारी ते मार्च या तिमाहीसाठीं आपल्या टॅन क्रमांकाखालीं माझ्या पॅनवर रक्कम रुपये २,६०,००० व कर रुपये २,६०० अशी नोंद झाली आहे. सदरहू काळांत मला आपल्याकडून अशी स्वतंत्र रक्कम मिळालेली नाहीं. याच कामाचीं बिलें आपल्या तोडणी-वाहतूक संस्थेनें दिलीं असून त्यांची नोंद संस्थेच्या टॅन क्रमांकाखालीं झालेली आहे. सोबत बिलांच्या, दोन्ही दाखल्यांच्या व पासबुकाच्या नकला जोडल्या आहेत. तरी दुरुस्तीपत्रक भरून दुबार नोंद काढून टाकावी व तसें केल्याचें मला लेखी कळवावें, ही विनंती. कळावें."

पत्राच्या दोन प्रती कराव्या व एकीवर पोंच घेऊन ती जपून ठेवावी. पुढें कचेरीचें विचारणापत्र आलें तर हीच पोंच आपल्या सचोटीची साक्ष देते.

दुसरें काम एआयएसमध्यें आपला अभिप्राय नोंदविण्याचें. तेथें प्रत्येक नोंदीपुढें उत्तर देण्याची सोय आहे : माहिती बरोबर आहे, पूर्णपणें बरोबर नाहीं, दुसऱ्या पॅनची वा वर्षाची आहे, दुबार आहे, अथवा मान्य नाहीं. यांतून खरें असेल तेंच निवडावें. दुबार असल्यास "मान्य नाहीं" असें लिहूं नये; कारण काम आपण केलेलें आहे व पैसेहि एकदां घेतलेले आहेत. अभिप्राय दिल्यानें मात्र २६-एएस बदलत नाहीं. म्हणून हें काम पत्राबरोबर करावें, पत्राच्या ऐवजीं नव्हे.

विवरणपत्र भरतांना

दुरुस्ती होईपर्यंत विवरणपत्र अडवून ठेवावें काय ? मुदत हातीं असेल तोंवर वाट पाहावी. मुदत संपत आली तर खऱ्या आंकड्यांवर भरून टाकावें. जमा जेवढी मिळाली तेवढीच दाखवावी, व कापलेल्या कराचें श्रेय जेवढा आपल्या पैशांतून कापला गेला तेवढेंच घ्यावें. ४,००,००० रुपयांची जमा दाखवून ६,६०० रुपयांचें श्रेय मागणें म्हणजे दुसऱ्याच्या खळ्यांतील पोतें आपल्या गाडींत घालण्यासारखें आहे. तें २,६०० रुपये कारखान्यानें आपल्या पदरचे भरलेले होते.

दुसरें असें कीं, दाखल्यावरची रक्कम ही एकंदर जमा होय, नफा नव्हे. तिच्यांतून टोळीची मजुरी, मुकादमाचें कमिशन, डिझेल व दुरुस्ती जाते. या खर्चाच्या पावत्या नसतील तर खरा नफा किती हें सांगणें कठीण पडतें. तसेंच शेतीचें उत्पन्न करमुक्त असलें तरी तें लपवावयाचें नसतें. तें ५,००० रुपयांहून अधिक असून इतर उत्पन्नहि करपात्र मर्यादेवर गेलें, तर कराचा दर ठरवितांना तें हिशेबांत धरतात. सन २०२४-२५ च्या प्राप्तीसाठीं असें शेतीउत्पन्न असलेल्या धंदेवाल्यास सुगम नांवाचा सोपा फॉर्म चालत नव्हता; त्यास आयटीआर-३ भरावा लागे. फॉर्म चुकला तर विवरणपत्र सदोष ठरतें व दुरुस्तीस थोडेच दिवस मिळतात.

आणि उत्पन्न करपात्र मर्यादेखालीं असलें तरी कापलेला कर आपोआप परत येत नाहीं. विवरणपत्र भरलें तरच परतावा मिळतो. तें न भरल्यामुळें आपला हक्काचा पैसा सोडणारे शेतकरी आम्हीं पाहिले आहेत.

कर कापला पण भरला नाहीं, तर ?

या बाबतींत कायदा शेतकऱ्याच्या बाजूस आहे. जो कर आपल्या पैशांतून कापला गेला, तो पुन्हां आपल्याकडून वसूल करतां येत नाहीं, असें सन १९६१ च्या कायद्याचें कलम २०५ सांगत असे. मुंबई उच्च न्यायालयानें सन २००७ मध्यें एका पगारदाराच्या प्रकरणांत हेंच स्पष्ट केलें : मालकानें कापलेला कर भरला नाहीं, तरी वसुली मालकाकडून करावयाची, नोकराकडून नव्हे. परंतु कर खरोखर कापला गेला हें दाखविण्याचा भार आपल्यावर असतो. बिलावर कपातीची रक्कम लिहून घेणें व बँकेंत उरलेली रक्कम जमा होणें, हा त्याचा पुरावा. रोखीनें पैसे घेऊन बिल न घेणाऱ्यास या न्यायाचा उपयोग होणें कठीण.

मुदतीची गोष्ट

पूर्वीं तिमाही पत्रकांत दुरुस्ती करण्यास कालमर्यादाच नव्हती. पुढें १ एप्रिल २०२५ पासून सहा वर्षांची मर्यादा आली, व सन २०२५ च्या कायद्यानें ती दोन वर्षांवर आणली. याचा अर्थ शेतकऱ्यानें नीट ध्यानांत घ्यावा. जुना चुकीचा दाखला ट्रंकेंत ठेवून "पुढें पाहूं" म्हणणाऱ्यास, पुढें पाहावयास गेल्यावर दार बंद झालेलें आढळेल. कारखान्याची इच्छा असली तरी तो दुरुस्ती करूं शकणार नाहीं.

विवरणपत्राच्या मुदतीहि दर वर्षीं पाहून घ्याव्या. सन २०२४-२५ च्या प्राप्तीसाठीं ज्यांच्या हिशेबांस तपासणी लागत नाहीं त्यांची ३१ जुलै २०२५ ची मुदत प्रथम १५ सप्टेंबर व शेवटीं १६ सप्टेंबर झाली. चुकीचे आंकडे आधींच भरले गेले असतील, तर मुदतींत सुधारित विवरणपत्र भरावें. त्यानंतरहि अद्ययावत विवरणपत्राची सोय आहे. ती सन २०२२ मध्यें सुरू झाली व तिची मुदत पुढें चार वर्षांपर्यंत वाढविण्यांत आली. परंतु तिनें कर वाढवितां येतो, कमी करतां येत नाहीं, आणि परतावाहि वाढवून मागतां येत नाहीं. म्हणजे ज्याचें नुकसान झालें आहे त्यास ती उपयोगी नाहीं.

जमा व श्रेय यांचा मेळ बसत नाहीं अशी सूचना कचेरीकडून आली, तर घाबरून गप्प बसूं नये. सूचनेंत दिलेल्या मुदतींत वहीचें पान, पत्राची पोंच व पासबुकाचा उतारा यांच्या आधारें उत्तर द्यावें. उत्तर न देणें ही चुकीस दिलेली संमतीच धरली जाते. हे सर्व कागद सहा वर्षें तरी एकत्र बांधून ठेवावे.

शेवट काय झाला ?

आमच्याकडे आलेल्या गृहस्थांस कारखान्यांत तीन खेपा घालाव्या लागल्या. पहिल्या खेपेस "आमच्याकडे चूक होत नाहीं" असें उत्तर मिळालें. दुसऱ्या खेपेस त्यांनीं तोंडानें कांहीं न बोलतां आपलें आंखलेलें पान पुढें ठेविलें. तें पाहून हिशेबनिसानें स्वतःच संस्थेचें पत्रक काढविलें व दोन्ही याद्या जोडून पाहिल्या. तेव्हां असें दिसून आलें कीं, मार्चअखेरची यादी संस्थेनें भरल्यावर कारखान्याच्या पत्रकांतहि ती घातली गेली होती; आणि ही चूक एकट्या या गृहस्थांची नसून त्या यादींतील सर्व वाहतूकदारांची होती. ऑगस्टमध्यें दुरुस्तीपत्रक भरलें गेलें, नोंद निघाली व सप्टेंबरांत खऱ्या आंकड्यांवर विवरणपत्र गेलें. परतावा ४,००० रुपयांचा आला.

रक्कम मोठी नव्हे. परंतु त्या यादींतील इतर वाहतूकदारांपैकीं कोणी तिसरा दाखला फाडला असेल, कोणीं जादा परतावा मागितला असेल, व कोणी न मिळालेल्या पैशावर कर भरून बसला असेल. एकानें पाऊण तास बसून पान आंखलें, म्हणून त्या सर्वांची नोंद सुधारली. आमच्या वाचकांनीं या महिन्यांत आपापले दाखले काढून २६-एएसशीं एकवार ताडून पाहावे, व लाल ओळ निघाली तर दुसऱ्याच दिवशीं पत्र लिहावें, एवढीच आमची विनंती आहे.